मसाला-कांडप दुकानाचा हिशेब: यूपीआय, पिग्मी आणि चंदगडची विक्री वहीत कशी लिहायची?

खानापूर_मसाले (प्रश्न)

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात एकट्याच्या नावावर दुकान आहे, भागीदार नाही. लाल तिखट, कांदा-लसूण चटणी आणि गरम मसाला करून विकणे हा मुख्य धंदा. सोबत सुटा तांदूळ आणि जोंधळा. शिवाय गिऱ्हाइकांनी आणलेली मिरची किलोच्या दराने कांडून देतो. वर्षाची उलाढाल साधारण ३४ लाख: मसाले-चटणी १९, तांदूळ-जोंधळा १३, कांडप २. त्यातले सुमारे २० लाख यूपीआयने येतात, बाकी रोख. जीएसटी नंबर नाही, कारण ४० लाखांच्या आत आहे.

आजपर्यंत फक्त उधारीची वही आहे. जुलै २०२५ मध्ये वाणिज्य कर खात्याने यूपीआयचे आकडे बघून कर्नाटकातल्या छोट्या दुकानदारांना नोटिसा काढल्या, तेव्हापासून नीट हिशेब ठेवायचं मनात आहे. क्यूआर माझ्या बचत खात्याला जोडलेला आहे, त्यातच घरचे पैसे येतात-जातात. रोज सोसायटीची पिग्मी (एजंट रोज गोळा करतो ती छोटी ठेव) भरतो. आणि आता सीमेपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडचे दोन दुकानदार दर आठवड्याला माल मागतायत.

कोणत्या वह्या ठेवू, रोज काय लिहू, आणि चंदगडला माल दिला तर काय बदलतं?

---

कीर्दखतावणी

वह्यांपासून सुरुवात करतो, जीएसटीचं दुसरे जाणकार सांगतील.

तुम्हाला चार गोष्टी लागतील: रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (प्रत्येक माणसाचं किंवा खात्याचं वेगळं पान असलेली वही; तुमची उधारीची वही हा तिचाच एक भाग), खरेदी बिलांची फाइल आणि मालाची वही. कॉम्प्युटरवर ठेवलंत तरी मांडणी हीच. पण पहिले तीन महिने कागदावर लिहा, म्हणजे कुठला पैसा कुठे जातो ते हाताला कळतं.

रोजकीर्दीला दोन रकाने करा, एक रोख आणि एक बँक/यूपीआय. रात्री दुकान बंद करायच्या आधी लिहायची, दुसऱ्या दिवशी सकाळी नाही. एका दिवसाचा रोख रकाना असा दिसेल:

सुरुवातीची शिल्लक ३,२००
रोख विक्री ६,४५०
उधारी वसूल १,५००
एकूण ११,१५०

हमाली १५०
पिशव्या ६२०
घरखर्चाला उचल १,०००
बँकेत भरणा ५,०००
एकूण ६,७७०

अखेर शिल्लक ४,३८०

आता गल्ला मोजा. ४,३३० निघाले तर ‘तूट ५०’ अशी वेगळी ओळ लिहा आणि उद्याची सुरुवात ४,३३० ने करा. चहापाण्यात ५० वाढवून मेळ बसवायचा नाही. असं केलं की तूट रोज होतेय का, ठरावीक माणूस गल्ल्यावर असताना होतेय का, हे कधीच कळत नाही. महिन्याच्या शेवटी सगळ्या तुटी एका जागी दिसल्या पाहिजेत.

उधारी वसुली ही विक्री नव्हे. माल उधार दिला त्याच दिवशी ती विक्री धरलेली असते. पैसे आले की परत विक्रीत धरले तर उलाढाल दुप्पट दिसते. तुमच्या ३४ लाखांत असं काही मिसळलंय का ते आधी तपासा.

पिग्मी: आपल्या भागात निम्म्या दुकानांचा गल्ला इथेच चुकतो. एजंट संध्याकाळी येतो, गल्ल्यातून २०० काढून दिले जातात आणि कुठेच लिहिलं जात नाही. किंवा ‘खर्च’ म्हणून लिहिलं जातं. तो खर्च नाही, तुमचीच ठेव आहे. खतावणीत पिग्मीचं एक पान उघडा आणि रोजचे २०० कीर्दीतून तिथे न्या. मुदत संपून रक्कम बँकेत आली की ती त्याच पानावर जमा करायची, विक्रीत नाही. वर जे व्याज मिळालं तेवढंच उत्पन्न. मुदतीआधी मोडली आणि सोसायटीने काही कापलं तर तेही त्याच पानावर लिहा. हे पान नसेल तर वर्षाअखेर बँकेत एकदम आलेले ७०-७५ हजार कुठून आले याचं उत्तर कागदावर राहत नाही.

भिशीलाही हाच नियम.

यूपीआयसाठी आधी धंद्याचं चालू खातं उघडून क्यूआर तिकडे वळवा. घरचं बचत खातं घरालाच राहू द्या. घराला पैसे लागले तर चालू खात्यातून बचत खात्यात एकदाच ठरलेली रक्कम पाठवा आणि कीर्दीत ‘उचल’ लिहा. झालेल्या महिन्यांसाठी बँकेचं स्टेटमेंट छापून घ्या आणि प्रत्येक जमेपुढे पेनाने एक अक्षर टाका: वि म्हणजे विक्री, उ उधारी वसुली, ह हातउसने, घ घरचे, प परत आलेले. आठवतंय तोवरच हे करून टाका. नोटीस एकूण जमेवर येते. त्यातलं काय विक्री नव्हतं आणि काय करमुक्त मालाचं होतं, हे दाखवायचं काम दुकानदाराचं.

साउंडबॉक्सवाल्या क्यूआरमध्ये दिवसभराचे पैसे कधी कधी एकत्र रकमेने दुसऱ्या दिवशी खात्यात येतात. म्हणून ॲपमधली दिवसाची बेरीज कीर्दीत लिहा आणि बँकेतल्या जमेशी पडताळा. ३१ मार्चची विक्री १ एप्रिलला जमा झाली तरी ती जुन्या वर्षाचीच.

---

रविवारपेठ_हिशेबनीस

वरचं सगळं बरोबर. पण दादा, तुमच्या प्रश्नातलं एक वाक्य आधी बघायला हवं: ‘४० लाखांच्या आत आहे’.

४० लाखांची मर्यादा फक्त माल विकणाऱ्यांना आहे. गिऱ्हाइकाची मिरची कांडून देणं ही सेवा आहे. ते दोन लाख मिसळले की तुम्ही ‘फक्त माल विकणारे’ राहत नाही आणि मर्यादा २० लाखांवर येते. आणि त्या २० लाखांत सुटा तांदूळ-जोंधळ्यासारखी करमुक्त विक्रीही धरली जाते. म्हणजे तुम्ही मर्यादेच्या बाहेर आहात. मर्यादा ओलांडल्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा असतो. उशीर झाला तर नंबर मिळेपर्यंतच्या करपात्र विक्रीवरचा कर अंगावर राहतो आणि त्या काळाला कंपोझिशनचा (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक कर भरायच्या योजनेचा) कमी दर लागत नाही. या आठवड्यात कर सल्लागाराकडे जा. जाताना मसाले, तांदूळ-जोंधळा आणि कांडप यांचे महिनावार तीन वेगळे आकडे न्या. तेच आधी मागतील.

आता नंबर घेताना दोन वाटा आहेत, आणि निवड चंदगडवर ठरते.

कंपोझिशन: तुम्ही स्वतः मसाला बनवता म्हणून उत्पादक धरले जाल. कर १ टक्का, पण उत्पादकाला तो राज्यातल्या सगळ्या उलाढालीवर लागतो, तांदळासकट. ३४ लाखांवर ३४,०००. (नुसत्या व्यापाऱ्याला फक्त करपात्र विक्रीवर लागतो. इथे खूप जण चुकतात.) उलाढालीच्या १० टक्के किंवा ५ लाख, यातलं जे जास्त असेल तेवढी सेवा चालते, म्हणून कांडप बसतं. दर तीन महिन्यांनी सीएमपी-०८ (कर भरायचा फॉर्म), वर्षाला जीएसटीआर-४ (वार्षिक विवरणपत्र). गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, खरेदीवरचा कर परत मिळत नाही. आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. शिनोळी आली की महाराष्ट्र, त्यामुळे चंदगडचे दुकानदार या वाटेने बंद.

नियमित: बिलात कर्नाटकातल्या गिऱ्हाइकाला मसाल्यावर सीजीएसटी (केंद्राचा) २.५ टक्के अधिक एसजीएसटी (राज्याचा) २.५ टक्के, चंदगडच्या दुकानदाराला आयजीएसटी (दुसऱ्या राज्यातल्या विक्रीचा) ५ टक्के. तुमचा नंबर २९ ने सुरू होईल, त्यांचा २७ ने. खरेदीवरचा कर वळता मिळतो (भरायच्या करातून वजा होतो), पण पुरवठादाराने ते बिल त्याच्या विवरणपत्रात भरलं आणि ते तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत) दिसलं तरच. तांदूळ करमुक्त असल्यामुळे सामायिक खर्चावरचा कर त्या प्रमाणात सोडावा लागतो. म्हणून तिन्ही विक्रींचे रकाने रोजच्या रोज वेगळे हवेत, वर्षाअखेर अंदाजाने फोड करता येत नाही. तिमाही पर्याय घेतला तर जीएसटीआर-१ (विक्रीचा तपशील) तिमाहीनंतर १३ तारखेला, ३बी (कराचा हिशेब) २२ तारखेला, आणि तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर दर महिन्याला चलनाने.

नोंदणी नसतानाही दुसऱ्या राज्यात करपात्र माल पाठवला की पहिल्या बिलापासून नोंदणी सक्तीची होते, उलाढाल कितीही असो. तेव्हा नंबर हातात येईपर्यंत चंदगडला गाडी पाठवू नका.

जाता जाता, खानापूर-चंदगड भागात काजू घेणारे हा धागा वाचत असतील म्हणून: नोंदणी असलेल्याने शेतकऱ्याकडून न सोललेला काजू घेतला तर त्यावरचा कर खरेदीदाराने स्वतः भरायचा असतो, कंपोझिशनमध्ये असला तरी. निपाणीकडे तंबाखूच्या पानांनाही तेच.

---

संकेश्वर_अडत

खरेदी आणि मालाच्या वहीबद्दल.

मिरची दोन प्रकारे येते. अडत्याकडून घेतली तर पट्टी किंवा बिल मिळतं, ते फाइलला लावा. शेतकऱ्याकडून थेट घेतली तर बिल नसतं, म्हणून खरेदी पावती तुम्हीच करायची. त्यात तारीख, शेतकऱ्याचं नाव आणि गाव, मिरचीचा प्रकार, पोत्यांसह वजन, पोत्यांची वजावट, निव्वळ वजन, दर, रक्कम, रोख की बँकेतून, आणि सही किंवा अंगठा. फोन नंबरही घ्या. छापील पावतीपुस्तक दोन प्रतींचं आणून ठेवा, बाजारात सुट्या चिठ्ठीवर लिहिलेलं घरी पोचेपर्यंत हरवतं.

रोखीचा नियम इथे नीट समजून घ्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख दिली तर तो खर्च प्राप्तिकरात धरला जात नाही. शेतमाल खुद्द पिकवणाऱ्याकडून घेतला तर या नियमातून सूट आहे, अडत्याकडून घेतला तर नाही. त्यामुळे पावतीवर ‘शेतकरी’ की ‘अडत’ हे स्पष्ट हवं. ट्रकवाल्याला ही मर्यादा ३५,००० आहे. ४४एडी (उलाढालीच्या ठरावीक टक्क्याने नफा दाखवू देणारं प्राप्तिकराचं कलम) खाली ठोक नफा दाखवला तर खर्च एकेक तपासले जात नाहीत, पण एखाद्या वर्षी त्याबाहेर जावं लागलं तर हे सगळं उघडं पडतं. गिऱ्हाइकाकडून एका दिवसात किंवा एका व्यवहारात २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही. आणि २०,००० किंवा त्यावरचं हातउसनं रोखीत घ्यायचं नाही, फेडायचंही नाही. नात्यातल्या माणसाकडूनही नाही. दंड तेवढ्याच रकमेचा असतो.

मालाच्या वहीत प्रत्येक घाण्याची (एका वेळी कांडलेल्या मालाची) एक ओळ. समजा ५० किलो मिरची २२० च्या दराने, म्हणजे ११,०००. देठ-कचरा ४ किलो, कांडताना उडालेली आणि मशीनला राहिलेली १ किलो. तिखट ४५ किलो. देठ काढणाऱ्या बायकांची मजुरी आणि वीज मिळून ९५०. मग किलोला पडता भाव ११,९५० भागिले ४५, म्हणजे सुमारे २६५.५०. मिरची दमट असेल, उन्हात नीट वाळली नसेल तर घट वाढते, म्हणून तुमचा आकडा तुमच्याच घाण्यांवरून काढा. दहा-बारा घाणे लिहिले की घटीचं प्रमाण कळतं. मग एखाद्या घाण्यात घट अचानक दुप्पट झाली तर वजनात फसवणूक झाली की माल कुठे गेला, ते विचारता येतं.

आणि गिऱ्हाइकाची मिरची तुमच्या मालाच्या वहीत येता कामा नये. तिला वेगळी चोपडी ठेवा: नाव, आणलेलं वजन, दिलेलं वजन, दर, पैसे. ती मिसळली की तुमची मिरची कमी आणि विक्री जास्त दिसते, किंवा उलटं.

३१ मार्चला शिल्लक माल मोजायचा तो पडत्या भावाने, विकायच्या भावाने नाही. बाजार पडला असेल तर त्या कमी भावाने.

---

खानापूर_मसाले

कांडपाचं माहीतच नव्हतं, सर. सल्लागाराची वेळ घेतली. अजून तीन शंका. चंदगड-नागनवाडीची घरगुती गिऱ्हाइकं दुकानात येऊन माल नेतात, ती पण राज्याबाहेरची विक्री का? जागा भाड्याची आहे, मालकाकडे जीएसटी नाही, त्याने काही फरक? आणि वह्या मराठीत लिहिल्या तर चालतात ना, नगरपंचायतीच्या पावत्या तर कन्नडमध्ये असतात.

---

रविवारपेठ_हिशेबनीस

घरगुती गिऱ्हाईक: १ ऑक्टोबर २०२३ पासून नियम असा की नोंदणी नसलेल्या गिऱ्हाइकाच्या बिलावर पत्ता असेल तर विक्री त्या पत्त्याच्या राज्यात, पत्ता नसेल तर दुकान आहे त्या राज्यात धरतात. नुसतं ‘महाराष्ट्र’ लिहिलं तरी पत्ता लिहिल्यासारखंच. बिल ५०,००० च्या आत असेल तर पत्ता लिहायचं बंधन नाही, म्हणून काउंटरवरचं दोन-पाच किलोचं बिल कर्नाटकातली विक्री. लग्नाघरचं ५०,००० किंवा त्यावरचं बिल असेल तर नियमित करदात्याला नाव-पत्ता लिहावाच लागतो, आणि चंदगडचा पत्ता आला की आयजीएसटी. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये गिऱ्हाइकाचा पत्ता आपोआप चढतो का ते बघा. जुन्या नोंदीतून ‘महाराष्ट्र’ उचलला जातो आणि कर चुकीच्या रकान्यात भरला जातो.

दुकानदारांचं वेगळं. ते स्वतःची गाडी घेऊन आले तरी माल शेवटी चंदगडच्या दुकानात पोचतो, म्हणून ती आंतरराज्य विक्रीच धरायची. एका खेपेचा माल ५०,००० च्या वर गेला तर ई-वे बिल (माल वाहतुकीचा ऑनलाइन दाखला) आधी, गाडी नंतर.

भाडं: हा खर्च बरेच जण धरतच नाहीत. १० ऑक्टोबर २०२४ पासून दुकानाच्या जागेचा मालक नोंदणी नसलेला आणि भाडेकरू नियमित नोंदणीचा असेल तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा, तोही जीएसटी पोर्टलवरच्या रोख खात्यातून, म्हणजे पैसे भरून, वळत्या करातून नाही. नंतर तो वळता घेता येतो, तुमच्या बाबतीत करमुक्त तांदळाचा हिस्सा सोडून. मालकाच्या नावाने स्वतःच बिल तयार करून फाइलला लावायचं. कंपोझिशनवाल्यांना हा भाड्याचा नियम १६ जानेवारी २०२५ पासून लागत नाही. दोन वाटांची तुलना करताना ही रक्कमही धरा. माझं मत असं की चंदगडची मागणी वर्षभर टिकणारी असेल तरच नियमित घ्या. दोन दुकानं आठवड्याला दहा-वीस किलो नेणार असतील तर कंपोझिशन सुटसुटीत.

भाषा: मराठीत लिहा, काही अडचण नाही. फक्त आकडे सगळीकडे एकाच लिपीत ठेवा, हस्ताक्षरात १ आणि ९ ची गल्लत होते. कन्नड पावतीच्या मागे पेन्सिलने कशाची, कोणत्या वर्षाची, किती, एवढं लिहून ठेवलं की वर्षाअखेर शोधाशोध नाही.

---

टिळकवाडी_कर

प्राप्तिकराचं राहिलं. १ एप्रिल २०२६ पासून नवा प्राप्तिकर कायदा आहे, कलमांचे आकडे बदलले, पण सगळे अजून ४४एडीच म्हणतात, म्हणून तेच लिहितो.

उलाढाल २ कोटींपर्यंत (रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटींपर्यंत) ठोक नफा दाखवता येतो: बँकेतून आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीवर ८ टक्के. तुमचे २० लाख यूपीआय म्हणजे १,२०,०००, १४ लाख रोख म्हणजे १,१२,०००, एकूण २,३२,०००. पण हा किमान आकडा आहे. खरा नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा. मसाल्यात नुसत्या ६ टक्के नफ्यावर कोणी धंदा करत नाही, आणि तुमच्या घाण्याच्या वहीतून खरा नफा दिसेलच. उधारीची विक्री ६ टक्क्यांत बसवायची तर पैसे विवरणपत्राच्या मुदतीपूर्वी बँकेतून आलेले हवेत, म्हणून वसुली लिहिताना रोख की यूपीआय हे लिहा.

‘४४एडी असलं की वही नको’ हे ऐकून वही बंद करू नका. जीएसटी नंबर आला की हिशेब ठेवणं कायद्यानेच येतं. शिवाय एकदा ठोक नफा दाखवून पाच वर्षांच्या आत कमी नफा दाखवत बाहेर पडलात तर पुढची पाच वर्षं परत येता येत नाही, आणि उत्पन्न करपात्र मर्यादेवर असेल तर वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही लागतात.

प्राप्तिकराच्या नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य येतो, म्हणून विवरणपत्रच न भरणारे खूप आहेत. उत्पन्न ४ लाखांवर गेलं की भरावंच लागतं. त्याच्या आत असलं तरी आयटीआर-४ भरा, कारण कांडप मशीनसाठी बँकेत कर्ज मागायला गेलात की पहिल्यांदा मागच्या वर्षांची विवरणपत्रंच मागतात. कर लागणार असेल तर ठोक नफावाल्यांना आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात.

हेस्कॉमचं बिल घर आणि दुकान मिळून एकाच मीटरवर येत असेल तर कांडप मशीनला वेगळा मीटर घ्या. तोपर्यंत दुकानाचा हिस्सा एकदा ठरवून लिहा आणि वर्षभर तोच धरा, महिन्या-महिन्याला बदलू नका.

---

खानापूर_मसाले

आभारी आहे सगळ्यांचा. शेवटचं: वह्या आणि बिलं किती वर्षं ठेवायची?

---

कीर्दखतावणी

जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने. प्रकरण चालू असेल तर ते संपल्यावर आणखी एक वर्ष. सरळ आठ वर्षं धरा. मशीनवर छापलेली गुळगुळीत कागदाची बिलं मात्र तिखटाच्या दुकानात उष्णतेने लवकर पांढरी पडतात. ती आली त्याच दिवशी झेरॉक्स काढून मूळ बिल झेरॉक्सच्या मागे टाचा, आणि फाइल कांडप मशीनच्या खोलीत ठेवू नका.